पडदेवाल्या गल्लीतलं तिसरं कडवं

दिग्या, लेका, तू गेला तं गेला, माही कविता कायले संग नेली?

गेलेल्या माणसाशी बोलायची सुरुवात अशी करत नाहीत, ठाऊक आहे मला. काल तुझ्या शोकसभेत सगळ्यांनी कशी नीटनेटकी सुरुवात केली. एक म्हणाला वटवृक्ष उन्मळून पडला, दुसरा म्हणाला कधीही न भरून येणारी पोकळी. तू आणि वटवृक्ष! तुझी उंची बघता बोरीचं झाड म्हणाले असते तर मी मान डोलावली असती. मी मागच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. घरी आलो, जेवलो, तरी भांडण मिटेना, म्हणून आज सकाळी लिहायला बसलो. राग आला की आपली बोली येईल, निवळलो की छापखान्याची मराठी येईल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांचे खिळे जुळवले, हाताला वळण तेच पडलं.

सभेत प्रशांत सर म्हणाले, "दिगंबरकाका ज्या सांस्कृतिक गल्लीत वाढले..." सर चांगले आहेत, कॉलेजात मराठी शिकवतात, तुझ्यासाठी सभागृह त्यांनीच मिळवलं, हार स्वतःच्या खिशातून आणला. पण सांस्कृतिक गल्ली म्हणे! पडदे रंगवणाऱ्या आपल्या मास्तरांच्या हयातीत असं कुणी बोललं असतं तर त्यांनी त्याच्या अंगावर रंगाचं डबडं रिकामं केलं असतं. सगळं वाशीम तिला पडदेवाली गल्ली म्हणायचं. आणि चांगल्या घरच्या आया पोरांना दटावायच्या, "तिकडं जाऊ नोको, तथी रिकामे लोक बसून राह्यते." त्या रिकाम्या लोकांतले आपण दोघं.

काल सभेला आलेल्या तरुण पोरांना वाटलं असेल, गल्ली म्हणजे काही फार मोठं होतं. काय होतं बे? मास्तरांची लांबलचक पडवी होती. तिच्या जमिनीवर मांजरपाट अंथरून नाटकाचे पडदे रंगायचे. जंगल, महाल, नदी, रस्ता. पोळा होऊन गेला की गावोगावच्या नाटकवाल्यांच्या बैलबंड्या यायच्या. किन्हीराजाच्या लोकांना महाल पाहिजे असायचा, अनसिंगवाल्यांना जंगलाशिवाय नाटक चढत नव्हतं. बैल गल्लीच्या तोंडाशी सुटायचे आणि त्यांचं शेण तुडवत आपण चहाला जायचो. समोर आमचा छापखाना, बाजूला यासीनचाचाची शिलाई मशीन. राजाचे झगे शिवता शिवता चाचा मध्येच एखादा शेर टाकायचा आणि शिवण वाकडी जायची. पेटीचे भाते बसवणारे होते, बँडवाले होते, नाटकाला पदं आणि लग्नाला मंगलाष्टकं रचून देणारे होते. राणीचं काम करणारी सुलोचनाबाई होती. गावात तिला कुणी खोली देईना, मास्तरांनी पडवीमागची दिली, आणि ती चारचौघांसमोर ओट्यावर बसून विडी ओढायची. जात विचारायची नाही, कोण कुणाकडे जेवला ते विचारायचं नाही, कप विसळला की कुणाचाही कप कुणाचाही. एवढंच होतं आपलं साम्राज्य.

मी तर माळ्याचा पोरगा. गावाबाहेरच्या मळ्यातून बापानं वांग्याचं पोतं देऊन बाजारात पाठवलं, मी ते छापखान्याच्या ओट्यावर टेकवलं आणि आत खिळे कसे जुळवतात ते बघत बसलो. तो तिथलाच झालो. बाप शेवटपर्यंत लोकांना सांगायचा, "वांग्यासंग पोरगाबी इकून बसलो." तू ते वाक्य माझ्या लग्नात माइकवर सांगितलंस, हरामखोरा.

आता कायद्याबद्दल. काल हे कुणीच बोललं नाही, कारण कुणाला ठाऊकच नाही.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली सुस्त असायची. तेव्हा मास्तरांच्या पडवीत, ओल्या पडद्याच्या कडेकडेनं, बैठक बसायची. बैठकीचा कायदा एकच. आपली कविता आपण म्हणायची नाही. जोडीदाराला द्यायची. त्यानं कागदावरून पाठ केली की कागद चुलीत, चहाच्या आधणाखाली. पुढं ती त्यानंच म्हणायची, कुठंही, कितीही वेळा. ज्यानं केली त्यानं पुन्हा तोंडातून काढायची नाही. आपल्या आधीचे दोघे पदं रचणारे एकमेकांचं न ऐकता आपलंच म्हणत सुटले आणि हमरीतुमरीत महालाच्या ओल्या पडद्यावर पडले, तेव्हा मास्तरांनी हा कायदा घातला म्हणतात. मास्तर सांगायचे, "आपल्या गळ्यात म्हनलं का फुटकं मडकंबी वाजते. दुसऱ्याच्या तोंडात टिकली तं कविता, नाई तं बडबड." पोरगी दिल्यासारखंच होतं ते. दिली की तिकडची झाली. कशी नांदते ते लांबून बघायचं.

आपली जोडी मास्तरांनी लावली, कारण आपल्याला एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं. तुला माझे कपडे आवडत नव्हते, मला तुझा तंबाखू-सुपारीचा खर्रा. तरी मी तुला कविता दिली. किन्हीराजाची बंडी भरताना पाहिली होती, त्यावर केलेली.

गुंडाळलं जंगल, बंडीत घातलं
महालाच्या बाजूले नदीले झोपवलं
उद्या त्या गावाले दिस पुन्हा निंगन
आज त्याच दिसाले सुतळीनं बांधलं

पुढच्या बैठकीत तू उभा राहिलास. एवढ्याशा अंगातून तो आवाज कुठून निघायचा, देव जाणे. पहिल्या कडव्याला चाचानं मशीन थांबवली. सुलोचनाबाईची विडी बोटात विझली. मी खाली बघत होतो, कान तापले होते. तुझ्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की मी काय लिहिलं आहे. मी तर एका बंडीबद्दल लिहिलं होतं, तू म्हटलंस तेव्हा ती साऱ्या गल्लीबद्दल निघाली. संपल्यावर मास्तर कुंचला धूत म्हणाले, "माणिक, गेली तुही पोरगी." सगळे हसले. मीही हसलो, मग पडवीमागं जाऊन तोंड धुऊन आलो. त्याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो. उशीर झाला, पण आपल्यात वेळेवर काय झालं होतं?

आणि तू मला दिलीस ती. अंगाला सरसाचा वास, नखात रंग, चुरगळलेला कागद माझ्यापुढे फेकून म्हणालास, "घे, बरी नाई जमली."

निळा सरला, म्हून आभाळ पांढरं ठेवलं
पाह्यनाऱ्यानं त्याले उन्हाळा म्हनलं
घर नाई काढलं, निस्ता उंबरा काढला
येनाऱ्यानं त्याले आपलं घर म्हनलं

बरी नाई जमली म्हणे! मी वाचली आणि रात्रभर तुझा द्वेष केला. असं मला जन्मात जमलं नसतं. माझा गळा चिरका, तरी मी ती जीव लावून सांभाळली. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, एकदा तर बसस्टँडवर, लोक म्हणायचे, "माणिकभाऊ, ते निळा सरलावाली म्हना." मी म्हणायचो.

घोळ तिथंच झाला. गल्लीला ठाऊक होतं कोणती कुणाची. गावाला कसं ठाऊक असणार? ज्याच्या तोंडून ऐकली त्याची, असं त्यांनी धरून चाललं. बंडीवाली दिगंबरची, निळा सरलावाली माणिकची. कुणी तुझं कौतुक केलं की तू माझ्याकडं बघून मिशीत हसायचास, माझं केलं की मी तुझ्याकडं. मजा वाटायची रे. आपल्याला काय फिकीर? खरं-खोटं करायला अख्खी गल्ली बसलेली होती.

मग गल्ली उठली. गावोगावी व्हिडिओ आला, पडदे कुणी मागेना, जंगल आणि महाल माळ्यावर गेले आणि उंदरांनी खाल्ले. छापखान्यातले खिळे भंगारात गेले. सुलोचनाबाई बहिणीकडं गेली ती गेलीच. आणि मास्तर वारले. आपण त्यांच्यासाठी रडलो, पण खरी गोष्ट आपल्या ध्यानात उशिरा आली. मास्तरांसोबत मास्तरांच्या कविता गेल्या नव्हत्या. यासीनचाचाच्या गेल्या होत्या. त्या दोघांची जोडी होती ना. चाचा दुकानात बसून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "माणिक, वो मेरा शेर कैसा था रे? झगेवाला?" मला थोडाच ठाऊक होता! तो मास्तरांकडं दिलेला. चाचाला मास्तरांच्या साऱ्या कविता पाठ होत्या, स्वतःचा एक शेर धड येत नव्हता. पुढं चाचा गेला आणि मास्तरही पुरते गेले. त्या दिवशी कबरस्तानातून परतताना मी वाटेत कुठं थांबलो नाही. मी घरी येऊन माझी बंडीवाली कविता आठवायला बसलो. दोन कडवी आली, शेवटचं आलं. तिसरं आलं नाही.

येणार कसं? दिल्यापासून मी ती कधी तोंडातून काढली नव्हती. नुसती ऐकली होती, आणि तू म्हणायला लागलास की मी शब्द कुठं ऐकायचो? लोकांच्या तोंडाकडं बघायचो.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आलो. तू खाटेवर बसून खर्रा घोटत होतास. मी म्हटलं, "दिगंबर, लिहून काढू बे. कोनाची कोनती, समदं. मी छापून आनतो."

"काऊन?"

"तू उद्या मेला तं माही कविता कोनाजवळ राहीन?"

"अन् तू मेला तं माही?"

"तुही मले पाठ हाय ना!"

"मंग तुही मले पाठ हाय. झालं."

"अबे, मेल्यावर!"

"मेल्यावर तुले कायले पाह्यजे कविता?"

"बरं, लिहू नोको. निस्ती म्हन एकडाव. तिसरं कडवं म्हन."

"बैठक कुठी हाय? दोघायची बैठक होत नाई." आणि खर्रा तोंडात टाकलास. तोंड भरलं की तुझं बोलणं संपलं.

तेव्हापासून तेच. दिवाळीला तेच, पोळ्याला तेच, तुझ्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या मागं तेच. "वापस दे" म्हटलं की तू म्हणायचास, "देल्ली पोरगी कोनी वापस मागते काय?" एकदा तर मी तुझी गचांडी धरली होती आणि शांतावहिनींनी आपल्यामध्ये चहाचा ट्रे घातला. लोक म्हणतात मेलेल्या माणसाला दोष देऊ नये. मी देणार. दिग्या, तुझं चुकलं. मास्तरांनी तो कायदा भरल्या गल्लीसाठी केला होता, दोन म्हाताऱ्यांसाठी नाही. गल्ली भरलेली असताना कागद जाळणं ही ऐट होती. गल्ली रिकामी झाल्यावर तोच कायदा पाळणं म्हणजे निव्वळ हट्ट. हे तुला कळत होतं, म्हणून तर तू कधी सरळ उत्तर दिलं नाहीस. तू मेलास म्हणून मी माझं म्हणणं मागं घेणार नाही.

मग तुला लकव्याचा झटका आला आणि सगळ्यांत आधी वाचाच गेली. अख्ख्या वाशीमात ज्याचा आवाज गाजलेला, त्याचा आवाजच गेला. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, घशातून नुसती घरघर. मी रोज दुपारी येऊन बसायचो आणि तुला शिव्या देऊन हसवायचा प्रयत्न करायचो. एका दुपारी तू माझं मनगट धरलंस. डाव्या हाताचं बोट खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवायला लागलास. मी आधी म्हटलं, पाणी पाहिजे असेल. तू रागानं मान हलवलीस, पुन्हा पहिल्यापासून वाजवलंस. तेव्हा कळलं. गुंडाळलं जंगल, बंडीत घातलं. पहिलं कडवं, मग दुसरं. तिथं बोट थांबलं. तू नेहमीच तिथं थांबायचास, लोकांना श्वास रोखायला लावायचास. आणि मग तिसरं वाजवलंस. सगळंच्या सगळं, एकही ठोका न चुकवता. माझ्याकडं असं बघितलंस की जणू म्हणतोस, घे बाबा तुझी पोरगी, जिंकलास.

मला नुसते ठोके ऐकू आले. मी म्हटलं, "पुन्हा." तू पुन्हा वाजवलंस. "पुन्हा." बोट थकलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तुझ्याही आणि माझ्याही. शब्द तुझ्या डोक्यात होते, जिभेच्या या बाजूला येत नव्हते, आणि मी बाजूला बसून बघण्यापलीकडं काही करू शकत नव्हतो. वहिनी आत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले दमवू नोका." त्यानंतर आठवडाभरात तू गेलास.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी वहिनींकडं गेलो. मनात आशा होती, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं या बाईनं तुझा आवाज घरात ऐकला आहे, तिच्या कानावर कधीतरी पडलं असेलच. मी हळूच विचारलं, "वहिनी, ते बंडीवाली कविता तुमाले येते काय?"

त्यांचा चेहरा असा खुलला की तुझ्या आजारपणापासून मी तसा पाहिला नव्हता. "येते म्हंजे? माह्यासाठीच तं केली होती त्यायनं! मी नवी नवी नांदाले आली, माहेरची आठवन येऊन रडून राह्यली होती, तं मले म्हने, शांता, हे तुह्यासाठी केली. बंडीत बसून आली ना तू, म्हून बंडीची केली."

अबे दिग्या! माझ्या कवितेवर बायको पटवलीस? मला एकाच वेळी हसू आलं आणि तुझ्या फोटोला जोडा मारावासा वाटला. हाराखाली तू तसाच मिशीत हसत होतास. मी गिळलं सगळं. आता या बाईला मी काय सांगू, की वहिनी, ती माझी आहे? तिच्याजवळ तुझं एवढंच तर उरलं आहे. मी एवढंच म्हटलं, "तिसरं कडवं कसं होतं वं वहिनी?"

त्या आठवत राहिल्या, ओठ हलले, मग लाजून हसल्या. "तिसऱ्यापर्यंत मले झोपच लागून जाये, भाऊजी. त्यायचा आवाज आयकला का झोप ये. वाटे, उद्या आयकू."

आणि मग कालची सभा. स्टेजवर मोठा फ्लेक्स, त्यावर तुझा फोटो आणि फोटोखाली माझ्या ओळी. गुंडाळलं जंगल, बंडीत घातलं. खाली तुझं नाव. प्रशांत सर उठले, गहिवरून म्हणाले, काकांची सर्वांत गाजलेली कविता मी सादर करतो. पहिलं कडवं. दुसरं. थांबले नाहीत, सरळ पुढं गेले,

बैलाले काय ठाव, काय वढून नेते
नदी वढून नेते का राजाले नेते
हळू हाक गड्या, घाई करू नोको
ओल्या रंगावर धुरळा बसते

लोकांनी डोळे पुसले. पुढच्या रांगेत वहिनींनी पदर तोंडाला लावला. मीही रडलो, पण मी का रडतोय ते त्या सभागृहात कुणालाही सांगता आलं नसतं.

मग माझं नाव पुकारलं. "काकांचे जुने स्नेही माणिककाका दोन शब्द बोलतील." बोलायचं काय? मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. मला कायदा येतो. जोडीदाराची कविता म्हणायची. मी माइक धरला आणि तुझी सुरू केली. निळा सरला, म्हून आभाळ पांढरं ठेवलं. गळा चिरकला, तरी म्हणत राहिलो. मला वाटलं, निदान आज एकदा तुझं तुझ्या नावानं कानावर पडेल. दोन ओळी झाल्या आणि मागं कुजबुज झाली. प्रशांत सर जवळ आले, माइकवर हात ठेवला आणि अगदी अदबीनं माझ्या कानात म्हणाले, "काका, तुमची ही कविता सुंदरच आहे. पण आज दिवस दिगंबरकाकांचा आहे ना. त्यांच्याबद्दल बोला काहीतरी."

मी खाली येऊन बसलो. काय करणार होतो? म्हणणार होतो, हे त्याचीच हाय, अन् तुमी म्हनली ते माही? मित्र जाऊन राख निवली नाही तर म्हातारा त्याची कविता लाटायला निघाला, असंच म्हणाले असते. साक्षीला कोण होतं? मास्तर, चाचा, सुलोचनाबाई, तू. एकही जण सभेला येण्यासारखा नाही.

बाहेर चहा घेताना मी सरांना गाठलं. "सर, तुमी तिसरं कडवं गाळलं."

"नाही काका, तिसरं म्हटलं की. बैलाले काय ठाव."

"ते चौथं व्हय."

"तीनच आहेत काका. माझ्याकडं व्हिडिओ आहे." आणि त्यांनी मोबाईल काढून दाखवला. कुठल्याशा शाळेचं गॅदरिंग, मी गुडघ्यामुळं आलो नव्हतो ते. तू म्हणतोयस, दुसरं कडवं संपतं, मागं एक बाई घड्याळाकडं बोट दाखवते, आणि तू, माझ्या बहाद्दरा, गपकन तिसरं सोडून चौथ्यावर जातोस. वेळ वाचवलास. सर म्हणाले, "गल्लीच्या तोंडाशी दगडी पाटी बसवायचा विचार आहे काका. पूर्ण कविता कोरून, काकांच्या नावासह. तुम्ही याल ना अनावरणाला?" मी येतो म्हटलं.

तुझ्या कविता माझ्याजवळ आहेत. सगळ्या, एकही शब्द इकडचा तिकडं नाही. द्यायच्या कुणाला? काल परतल्यावर सुनेला म्हटलं, ऐक जरा, आणि उंबऱ्याच्या ओळी म्हणून दाखवल्या. ती कणीक मळत होती. म्हणाली, "मस्त हाय बाबा. बीपीची गोळी घेतली काय?" तिचं चुकलं नाही. एकटीनं ऐकून बैठक होत नाही, हे तूच सांगायचास. मी गेलो की तुझ्याही जातील. आणि चुकून कुणी माझी सभा घेतलीच, तर फ्लेक्सवर माझ्या फोटोखाली निळा सरला लिहितील. मला सांगायला येता येणार नाही, तुलाही नाही.

आज सकाळी लिहायला बसण्याआधी मी मागच्या अंगणात गेलो आणि कायदा मोडला. माझी कविता मी म्हटली, माझ्या चिरक्या गळ्यात, मोठ्यानं. आता पाळू तरी कुणासाठी? पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. मग थांबलो, तू थांबायचास तसा. सुनेनं पायरीवर ठेवलेला चहा निवून गेला. बोटानं ठेका धरून पाहिला, तोही आता माझा मीच काहीतरी वाजवतोय असं वाटायला लागलं. काही आलं नाही. मग शेवटी, सर म्हणाले तसं, बैलाले काय ठाव म्हणून टाकलं आणि कविता संपवली. आणि दिग्या, ऐकताना कुठंच काही कमी वाटलं नाही.